गळका गीझर

बँकेच्या बाकावर नंबर यायची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंनी शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान कुठे ऐकतात!

"ताई, घटस्फोटात घर त्याला लिहून दिलंस, मग कर्ज तुझ्या गळ्यात कसं?"

"मला वाटलं, घराबरोबर कर्जही गेलं. तोऱ्यात होते ना! तुझं काही नको म्हणाले आणि केली सही."

"आणि बँक?"

"बँक म्हणते, कर्जावर सही दोघांची आहे. त्याने हप्ते थांबवले, आता फोन मला येतात."

"मेला निर्लज्ज! तोंड तरी दाखवतो का?"

"परवा फोन आला होता. म्हणे, गीझर गळतोय, वॉरंटीचं कार्ड कुठे ठेवलंयस?"

"सांगितलं नाहीस ना?"

"सांगितलं. माळ्यावर, डाव्या कोपऱ्यात."

"अगं, कशाला?"

"पाणी भिंतीत मुरतं गं. ती भिंत अजून मलाच फेडायचीय."

"धन्य आहेस!"

"नव्या बायकोचा हात तिथवर पोचायचा नाही. म्हटलं, माझं स्टूल दे तिला. एक पाय हलतो, धरून उभा राहा."