दुनळीची फी

फी घ्यावी तर शिरूरच्या त्या बंदूकवाल्या ताईंनी! मी रांजणगावला कंपनीत गनमन हाय, ते तुम्हाला म्हाईतच हाय. खुटबावच्या मामानं आपली दुनळी बंदूक मला द्यायची ठरवली. सरकारी परवानगी आली. आता ताईंच्या दुकानात बंदूक तपासली की ती माझ्या लायसनवर चढणार होती. ताईंनी फी सांगितली आन् मामा भडकला.

"मामा भाच्याला देतोय, मधी तुमची फी कशाची? दर दसऱ्याला पूजा करतो मी हिची. तपासायचं काय त्यात?"

ताईंनी बंदूक उघडून एका नळीत गज घातला, तर तो मधीच अडकला. जोर लावला तसं टेबलावर एक लालभडक ढेकूळ पडलं. अक्षता, कुंकू, तेल, सगळे दसरे एकदम बाहेर!

"मामा, कोपऱ्यात उभी ठेवून पूजा करता व्हय? भाच्यानं बार काढला असता, तर नळी त्याच्या तोंडावर फुटली असती."

मामानं ते ढेकूळ हातात घेऊन बघितलं. मग हळूच म्हणाला, "ताई, दुनळी हाय. दुसरी नळी बी बघा, आन् फी डबल घ्या."