मालनचा हिरवा चुडा

मंडळी, ऐका! आज आधी प्रश्न, मग आख्यान. ज्या रक्तावर तुम्ही-आम्ही आईच्या पोटात पोसलो, त्याचा देवाला विटाळ होतो का? — बोला की! पुरुष मंडळींनी लगेच माना खाली घातल्या! अहो, तुम्ही काय आभाळातून पडलात? वर बघा. गोष्ट तुमच्याही घरातली आहे.

बोरखिंड गावात गोदाक्का नावाची बाई होती. करारी, पण दुष्ट नव्हे हं! देवाधर्माची. मुलगा निवृत्ती, सून मालन. सोन्यासारखी पोर! पण घरात कार्य निघालं, की गोदाक्काच्या जिवाला एकच घोर — सुनेची पाळी मध्येच आली तर?

त्यावर उपाय होता. औषधाच्या दुकानात! निवृत्ती जायचा, दुकानदार विचारायचा, "सत्यनारायणाच्या देऊ, का गौरीच्या?" म्हणजे तीन दिवसांच्या गोळ्या, का दहा दिवसांच्या! औषधालासुद्धा पंचांग लागलं, मंडळी! हसा, हसून घ्या. पुढं हसू येणार नाही.

कुळधर्म आला — गोळी. नणंदेचं डोहाळजेवण — गोळी. दोन वर्षं हेच. मालनची पाळी दोन-दोन महिने यायची नाही, अन् आली की बारा दिवस थांबायची नाही. केस मुठीनं गळायचे. भर वैशाखात पोरगी गोधडी पांघरून बसायची. गोदाक्कानं वैदूचा काढा सुरू केला. "उष्णता आहे, निघून जाईल."

श्रावणात हिराबाई कासारीण बांगड्या भरायला आली. मालनचा हात दाबला अन् थांबलीच.

"अक्का, लग्नात सव्वादोनचा हात होता हिचा. आता अडीचची चढत नाही. ही सूज आहे गं!"

"बसून खाते, दुसरं काय!"

"कुठं बसते ती? आवाज ऐक, कसा घोगरा झालाय. माझ्या भाचीचं असंच झालं होतं. दाखव कुणाला तरी."

गोदाक्का तिला नर्सबाईंकडे घेऊन गेली. गेली, हे खरं! नर्सबाईंनी पापणी खाली ओढली — पांढरीफटक.

"अक्का, सगळ्यांच्याच गळ्यात थायरॉईड नावाची गाठ असते. तिचा रस कमी पडला, की पाळीचा तोल जातो. मला तेच वाटतंय, पण रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. उद्याच तालुक्याला न्या. अन् पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका!"

"काढ्यानं नाही का भागणार? झाडपाल्याचा आहे."

"पोटभर जेवण, झोप, जिवाला विसावा, हे द्याच. त्याच्याशिवाय कुठलंच औषध लागत नाही. पण त्या गाठीचा रस काढ्यानं भरून निघत नाही, अक्का."

गोदाक्का पायरी उतरताना म्हणाली, "गौरी झाल्या की जाऊ."

झाल्या की जाऊ! किती साधे शब्द, मंडळी!

दहा दिवस गोळ्या घेतल्या मालननं. सोळा भाज्या केल्या, पुरण वाटलं. गौरी गेल्या, गोळी थांबली अन् तिसऱ्या दिवशी बांध फुटला! घरच्या रिवाजानं मालन पडवीत बाजूला बसली. तिला शिवायचं नाही.

"आत्याबाई, कापड पुरत नाही हो."

"साठलेलं असतं. जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी — "आत्याबाई, डोळ्यांपुढं अंधारी येतेय."

गोदाक्कानं लांबून तांब्यात पाणी ओतलं. निवृत्ती दारातून म्हणाला, "डॉक्टरला आणू का?" गोदाक्का म्हणाली, "बायकांचं आहे, तू जा शेतावर." अन् तो गेला! कपाळाला हात लावून बघायला तिथं कुणी नव्हतं. लावला असता तर कळलं असतं. पोरगी गार पडत चालली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोदाक्का चहा घेऊन आली. तांब्या कालच्यासारखाच भरलेला. "मालन! ए मालन!" — तेव्हा शिवली, मंडळी. तेव्हा छातीशी धरली! तेव्हा विटाळ आठवला नाही.

सवाष्ण गेली. हिरवा चुडा भरून पाठवायची रीत. हिराबाई आली.

"लग्नात भरला होतास ना, तस्साच भर. सव्वादोनचा." गोदाक्कानं मालनचा हात आपल्या हातात धरून ठेवला होता.

पहिली बांगडी पेरावर अडकली. दुसरी फुटली. काच अंगणात उडाली.

"मोठं माप घाल गं," गोदाक्का पुटपुटली.

हिराबाईनं वर पाहिलं नाही. "मोठं माप मी श्रावणातच सांगितलं होतं, अक्का."

टाळ नका वाजवू. थांबा.

उद्या काला आहे. त्यासाठी गोळी खाऊन इथं किती जणी बसल्या आहेत? हात वर करू नका, बायांनो, तुमचे चेहरे सांगतायत. उद्या जिची पाळी येईल, तिनं घरी राहायचं नाही. इथं, पुढं बसायचं. काल्याचा पहिला घास तिच्या हातावर पडेल! अन् जिची पाळी चुकतेय, तिला तपासून आणा. काला झाला की नव्हे. सकाळीच!

आता घरी जा. सुनेचा, लेकीचा, बायकोचा हात हातात घ्या. ऊब आहे का बघा. असेल, तर देव अजून तुमच्या घरात आहे.