मुक्ताच्या गाडीची चाचणी

चहा घ्या, परवाची गंमत सांगतो. आमची मुक्ता तिकडे अमेरिकेत जगातला सर्वांत उंच रोलर कोस्टर बांधतेय. तीन दिवाळ्या झाल्या, बडोद्याला आलेली नाही.

परवा पहिली चाचणी. गाडीत माणसं नाहीत, नुसत्या पाणी भरलेल्या बाहुल्या. तरी आमच्या हिने इथे रावपुऱ्यात देव पाण्यात घातले.

व्हिडिओ कॉलवर गाडी सुसाट वर गेली, टोकाशी थबकली आणि चक्क मागे घसरली. ही किंचाळलीच!

मुक्ता हसायला लागली. "आई, घाबरू नकोस. जोर कमी पडला, तर गाडी जिथून निघाली तिथे सुखरूप परत येते. आम्हीच तशी सोय ठेवलीय."

हिने पदराने चष्मा पुसला.

"शहाणी गं माझी. तुला घडवताना आम्हाला नाही सुचली ही सोय."