वाळवी लागलेली चौकट

दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या आजींच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं पडत होतं.

“वाळवीची चौकट बदलल्याशिवाय घर घेणारे सही करणार नाहीत. सुताराला दिवस कळवलात का?”

“कळवतो गं.”

“महिनाभर हेच ऐकतेय. लेक तिकडे आपल्या दोघांसाठी खोली रंगवून बसलीय.”

“खरं सांगू? मुद्दामच कळवलं नाही. घरातून पाय निघत नाही माझा.”

“ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.”

“मग कटकट कशाला करतेस?”

“सवय हो! सुताराचाच काल फोन आला होता, कधी येऊ म्हणून.”

“काय सांगितलंस?”

“ह्यांना बरं नाही, पुढच्या महिन्यात बघू.”

“अगं, मी तर ठणठणीत आहे!”

“म्हणून तर दवाखान्यात आणलं. धडधडीत खोटं नाही बोलवत मला.”