महाप्याचं कॉफीचं मशीन

कॉफीचं मशीन मला कुणी शिकवलं नाही, बरं का. तीसएक वर्षांपूर्वी मी महाप्याच्या एका कंपनीत कँटीनला होतो. तिथलं कॉफी दळायचं परदेशी मशीन जाडंभरडं दळायला लागलं. कॉफी नुसतं पाणी लागायची. मेकॅनिक म्हणाला, पाती झिजलीत, नवी मागवा.

मी मॅनेजर देसाई साहेबांना म्हणालो, “मी बघतो. शिरवण्याला दहा वर्षं पिठाची गिरणी चालवलीय.”

“मामा, हे पीठ नाही. बिघडलं तर उद्यापासून कामावर येऊ नका.”

“नाही येणार.”

मशीन उघडलं. पाती धड होती, पण त्यांवर कॉफीचा तेलकट थर बसला होता. पाणी लावलं नाही, कोरड्या ब्रशने सगळा काढला. मग मशीन चालू करून, नंबरांची चकती फिरवत समोरासमोरची दोन्ही पाती जवळ आणत गेलो. किर्र असा आवाज झाला.

साहेब ओरडले, “अहो, घासतंय! बंद करा!”

“घासू द्या. टेकल्याशिवाय अंतर कसं कळणार?”

टेकल्यावर केसभर मागे घेतलं. बारीक, एकसारखी पूड पडली. साहेबांनी एक कप प्यायला आणि दुसरा मागितला.

“मामा, कितव्या नंबरावर लावलंत? मेकॅनिकला सांगायला हवं.”

“नंबर नाही बघितला, कानाने लावलंय. त्याला माझ्याकडे पाठवा. शिकवीन.”