कोटाच्या खिशातली वही

—हलू नकोस म्हटलं ना, रीनी! टाचणी टोचली की ओरडशील, आणि तू ओरडलीस की तो गँट येईल धावत, काय झालं, कोण रडतंय, कुणाच्या कपाटात काय दडलंय बघू – प्रिन्सिपल म्हणे! हात वर कर. अजून. खांद्यात दोन बोटं मोठा होतोय तुला हा कोट, होणारच, डार्बीच्या मापाचा आहे, ती ताडमाड नि तू एवढीशी. चाळीस वर्षं झाली या शाळेच्या नाटकांचे कपडे शिवतेय, एक सेंट घेत नाही, पण प्रयोगाला नऊ दिवस उरले असताना मुख्य पात्र बदललेलं एकदाही पाहिलं नव्हतं. पाठ झालं का तुझं? शेवटचं तरी? पाद्री विचारतो, आकाशात धूमकेतू दिसतोय, जगबुडी आली, बाई, तुला भीती नाही वाटत? आणि दुर्बिणीवाली मास्तरीण म्हणते – वाटते, म्हणून तर बघते. डार्बी ते इतकं हळू म्हणायची, की तोंडातल्या टाचण्या तशाच धरून मी ऐकत राहायचे.

काय गुन्हा केला होता गं तिनं? नाटक बसवणाऱ्या लोमॅक्स सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना वह्या वाटल्या, तुलाही मिळाली असेल – तालीम झाली की पात्राच्या मनात काय आहे नि आपल्या मनात काय आहे ते लिहायचं, कुणी वाचायचं नाही, मी पण नाही, असं सर म्हणाले, माझ्यासमोर म्हणाले. आणि हा गँट काय करतो? गुरुवारी पहिल्या तासाला पोरीला वर्गातून उठवतो, तिच्यादेखत कपाट उघडतो, वही घेतो, ऑफिसात चार जणांत बसून वाचतो, वर झेरॉक्स काढून बापाच्या हातात देतो! विचारलं मी त्याला. तोंडावर विचारलं. तर म्हणतो, व्हर्ना, कपाटं शाळेची, तेव्हा आतलंही शाळेचं. अरे मग पोरांची डोकी पण शाळेचीच का? ज्यांनी पोरं सांभाळायची तेच असं करायला लागले, म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं की. आणि बाप कोण, तर रॉय, आपल्या चर्चचा डीकन, पाद्रीच्या खालोखाल मान त्याचा, दर रविवारी दारात उभा राहून सगळ्यांचे हात हातात घेणारा. त्या माणसानं लेकीच्या अक्षरातलं ते वाचलं. शनिवारी तिला गाडीत घातलं नि टल्साला मावशीकडे पोचवलं, तिथल्या चर्चच्या शाळेत. फोनसुद्धा काढून घेतला तिचा.

वळ. पाठ कर इकडे. आणि वहीत होतं तरी काय एवढं? शिवी नाही, कुणाची निंदा नाही. देव नाही असंसुद्धा लिहिलं नव्हतं बिचारीनं. एवढंच की, प्रार्थनेला डोळे मिटते तेव्हा सगळ्यांना काहीतरी होतं नि मला काहीच होत नाही, आत नुसतं शांत असतं, बाबांना हे सांगता येत नाही. हा कोट घातला की मात्र मला खरं बोलता येतं. – एवढंच. सोळा वर्षांच्या पोरीनं...

काय? मला कसं ठाऊक? अगं, सगळ्या गावाला ठाऊक आहे. – कोटाचं नाही? कोटाचं कुणीच बोललं नाही? बरं. नसेल बोललं.

मीच शिवलाय ना हा कोट. इस्त्री करायला घेतला, खिशात काहीतरी कडक लागलं. विसरली होती ती. मी वही काढली, बाजूला ठेवली, खरंच ठेवली, देवाशप्पथ – इस्त्री तापेपर्यंत. मग वाचली. मग परत खिशात ठेवली, तशीच, कोपरा बाहेर होता तसा. दुसऱ्या दिवशी तिनं वही काढून कपाटात ठेवली, माझ्याकडे बघून हसली पण. आणि ती संध्याकाळ बुधवारची. तुला माहीत आहेच आपलं चर्चमधलं बुधवारचं, आधी जेवण, मग गोल करून बसायचं नि ज्याला ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्यानं सांगायचं. मेव्हिसच्या गुडघ्यासाठी झाली, कुणाच्या तरी गाईसाठी झाली, मग माझी पाळी आली. नुसता हात वर करून 'मनातली' म्हटलं असतं तरी चाललं असतं! कितीतरी लोक तेवढंच म्हणतात, मग कुणी खोदून विचारत नाही, तेवढ्यासाठीच तर ती सोय आहे. पण माझ्या तोंडात तीळ भिजेल तर ना. म्हटलं, नाटकातल्या एका लेकराची श्रद्धा डळमळतेय, वहीत लिहिलंय तिनं, तिच्यासाठी करा. नाव नाही घेतलं. नाव घेतलं नाही हं मी! कोण गं, कोण, असं झालं, तर म्हटलं, सांगणार नाही, लांब कोट घालते एवढंच. सगळ्या माना वळल्या माझ्याकडे. आणि खरं सांगू? बरं वाटलं. चाळीस वर्षं मी त्या गोलात फक्त गुडघे नि गाई ऐकत आले होते. गँट समोरच्याच खुर्चीत होता, मान खाली घालून 'आमेन' म्हणाला. रॉय माझ्या शेजारी होता. माझा हात धरून त्यानं त्या लेकरासाठी प्रार्थना केली, आवाज भरून आला होता त्याचा. त्याच्या डोक्यातही आलं नाही. लांब कोट म्हटल्यावर सगळ्या गावाला कळलं, एकट्या बापाला नाही कळलं.

चोर तो गँटच! कपाट त्यानं उघडलं, मी नाही. मी प्रार्थना मागितली. प्रार्थना मागणं पाप आहे का? बोल ना, आहे का? साठ वर्षं त्याच बाकावर बसतेय मी, मला कुणी शिकवू नये... सरळ उभी राहा. रडू नको, कोटावर डाग पडतील.

काय झालं? पुटपुटू नकोस, नीट – काय, तुलाही? डोळे मिटले की तुलाही...

थांब. रीनी, गप्प बस. एक अक्षर पुढे बोलू नकोस, मला काही सांगू नकोस, काहीएक नको. आज वार कोणता? बुधवार ना? सहा वाजता मला तिकडे जायचंय, मक्याचा कॉर्नब्रेड करून ठेवलाय, रॉय शेजारीच बसणार आहे. मला ओळखतेस ना तू आता? मग उतर स्टुलावरून खाली. कोट काढ, हळू, टाचण्या आहेत. – काय शोधतेस? हात कुठे घालतेस? खिसे नाहीत त्याला. शिवून टाकलेत मी. दोन्ही. जा, आणि जाताना दार लावून घे.