नदीकाठची बाभूळ आणि एक जुनं कार्टून

कौसल्या : बस. पानी देते. पन गोड बोलून मला गप करायला आली असशील, तर आलीस तशी बारामतीला माघारी जा.

स्वरूपा : आत्या, काल इंदापूरला भरल्या हॉलमधून तू अर्ध्यात उठून गेलीस. मी माईक हातात घेऊन उभी, आणि माझीच आत्या खुर्ची सरकवून निघाली. का, एवढंच विचारायला आलेय.

कौसल्या : तू त्या जुन्या कार्टूनचं गुन-दोष सांगत व्हतीस. गुन काय, तर बैलांची चाल किती खरी, पानी हातानं कसं रंगवलंय. दोष काय, तर मागची झाडं तीच तीच येत्यात, आवाज खरखरतोय, तोंड हालतं एक आन बोल येतो दुसराच. कॉलेजात पोरांना कार्टून शिकवतीस, समदे दोष सापडले तुला. म्हातारी तेवढी सापडली न्हाय.

स्वरूपा : म्हातारीबद्दलही बोलले की. धरणाचं पाणी येतंय, गाव गाड्यांत बसलंय आणि ती जात्याला मिठी मारून बसलीय. जातं ओढता ओढता गाडीतून पडते, बैलसुद्धा हसतात. विनोदी पात्र फार जमलंय म्हणाले. लोक हसलेही.

कौसल्या : हसले, म्हनून तर उठले. ती तुझी पणजी हाय. बनाबाई.

स्वरूपा : आपली?

कौसल्या : माझी सख्खी आज्जी. उजनीचं पानी येनार म्हनून जुनं पळसदेव उठवायचं ठरलं, तवा मी दुसरीत व्हते. लोक हलंनात. मग सरकारनं चित्रं काढनारा एक जन धाडला. गावाचीच चित्रं काढायची, त्याचा सिनेमा करायचा आन गावालाच दावायचा. त्यो आमच्या पडवीत ऱ्हायला. लेकरू लांबनं आलंय म्हनून आज्जी त्याला भाकरी करून घालायची. त्यो कागद घेऊन तिच्या मागं मागं. ती चालली की बघायचा, वाकली की बघायचा. आमाला वाटलं, आज्जीचं चांगलं चित्र निघनार.

स्वरूपा : आणि जातं?

कौसल्या : जात्यासाठी कोन बसून ऱ्हातंय? तिचं धाकटं पोरगं, तुझ्या आज्याच्या पाठचं, गोवरानं गेलं व्हतं. नदीकाठी बाभळीखाली पुरलेलं. त्याच्यावर पानी येऊ देऊन मी कुठं जाऊ, एवढंच तिचं म्हननं. भाकरी थापता थापता तिनं हे त्याला सांगितलं. मी चुलीपाशीच व्हते. त्यानं मान हालवली, समदं ऐकून घेतलं, आन सिनेमात पोराच्या जागी जातं काढलं. मेलेल्या पोरावर कोन हसनार? जात्यावर हसत्यात.

स्वरूपा : तिनं पाहिला तो सिनेमा?

कौसल्या : देवळाम्होरं पडदा बांधला व्हता. तिला पुढं बसवली, मानानं. गाव पोट धरून हसाय लागलं तशी तिनं मान खाली घातली, ती वर केलीच न्हाय. सकाळी कुनाला न बोलता गाडीत जाऊन बसली. सायब खूश झालं, सिनेमानं काम केलं म्हनाले. नव्या गावात मरूस्तोवर तिला जातेवाली म्हनायचे. तुझा बाप त्या नावापायी शाळंत मारामाऱ्या करायचा. आन काल त्याचीच लेक माईकवरनं सांगती, पात्र जमलंय.

स्वरूपा : मग मला सांगायचं होतंस ना. जत्रेत तंबूतला सिनेमा दाखवणाऱ्या खाजाचाचांच्या गोदामात ते रीळ बुरशी धरून पडलं होतं. एकेक चित्र साफ करत बसले मी. दिवाळीला इथंच बसून सांगितलं तुला, जुन्या गावाची फिल्म मिळालीय म्हणून. तू नुसतं बरं म्हणालीस. बाबा उठून बाहेर गेले. लाज तुम्ही दडवून ठेवलीत आणि आता मला विचारतेस, म्हातारी का नाही ओळखली. कशावरून ओळखणार होते? घरात तिचा एक फोटो नाही.

कौसल्या : फोटो काढायला कोन येत व्हतं तवा?

स्वरूपा : तेच म्हणतेय. फिल्ममध्ये ती कमरेवर हात ठेवून, डावा पाय जरा ओढत चालते. तशी चालायची ती?

कौसल्या : तशीच. त्याचाच तर राग हाय. आंधळा असता तर सोडून दिलं असतं. त्याला समदं दिसलं, आन तरी त्यानं तसं केलं. उद्या बारामतीत दावायची न्हाय ती फिल्म.

स्वरूपा : दाखवणार. पण आधी तिचं नाव सांगणार, पोराचंही सांगणार. आणि कालचं माझं बोलणं मागं घेणार. म्हातारीबद्दलचं तर घेणारच, पण आणखी एक आहे. तू शेवट पाहिला नाहीस. गाड्या गेल्यावर फिल्म संपत नाही. नदीकाठी एक बाभूळ दिसते, खाली रचलेले दगड. माणूस नाही, गाणं नाही. बराच वेळ तेवढंच. काल मी सांगितलं, हा दोष आहे, फिल्म इथं उगाच रेंगाळते.

कौसल्या : बाभळीखाली दगड?

स्वरूपा : हो. मला वाटलं, भरतीला घातलंय.

कौसल्या : म्हंजी ध्यानात व्हतं त्याच्या. आन ठेवलं कुठं, तर पार शेवटाला. लोक उठून धोतरं झटकत असतील तवा. हसवायचं समद्या गावाम्होरं, आन माफी मागायची कुनी बघत नसताना. असली माफी घेऊन काय करू मी? आज्जीनं तर मान वर केलीच न्हाय. तिला दिसलंच नसनार ते.

स्वरूपा : माफ कर असं मी म्हणत नाही, आत्या.

कौसल्या : म्हनू बी नगंस.

स्वरूपा : लॅपटॉप आणलाय. बघायचं का?

कौसल्या : जात्याचं नगं. नुसतं ते.

(स्वरूपा ओसरीवर लॅपटॉप उघडते. कौसल्या पदरानं चष्मा पुसून जवळ सरकते.)

कौसल्या : व्हय. हीच. पान्याच्या अंगाला वाकलेली. दगड माझ्या आज्यानं रचलं व्हतं.

स्वरूपा : आता खालून पाणी चढत येईल.

कौसल्या : थांबव.

स्वरूपा : थांबवलं.

कौसल्या : ऱ्हाऊ दे असंच घटकाभर. अजून कोरडं हाय तितं.